निळा बगीचा

अकोल्यात उन्हाळ्याच्या दुपारी कोणी काम करत नाही. दुकानांची शटरं अर्धी खाली येतात, मोर्णा नदीच्या पुलावरून एखादाच ऑटो जातो, आणि जुन्या शहरातल्या गल्ल्यांत फक्त कूलरची घरघर उरते. शेषराव भटकरांची खरी कामाची वेळ मात्र तीच. जेवण झालं की ते वरच्या खोलीत जात, पडदा ओढत, कूलरमध्ये पाणी आहे ना ते पाहत आणि लॅपटॉप उघडून फोटो दुरुस्त करायला बसत.

‘दुरुस्त करणं’ हा त्यांचाच शब्द. त्यांची मुलगी आरती अमरावतीला कॉलेजात शिकवायची, ती त्याला एडिटिंग म्हणायची. पण शेषरावांच्या मते फोटोत काहीतरी बिघडलेलं असायचं आणि ते नीट करायचं असायचं.

उभा जन्म त्यांनी जिनिंगमध्ये ग्रेडर म्हणून काढला होता. कापसाची गाडी आली की मूठभर कापूस घेऊन दारातल्या उजेडात जायचं, बोटांनी तो उकलायचा आणि प्रत सांगायची. पांढऱ्यात किती पांढरे असतात ते त्यांना कळायचं. कुठे पावसाचा डाग, कुठे कवडीचा, म्हणजे किडक्या बोंडातल्या कापसाचा, पिवळा अंश, ते लांबूनच सांगत. निवृत्त झाल्यावर आरतीने आपला जुना कॅमेरा त्यांच्या हातात ठेवला आणि म्हणाली, “बाबा, तुमच्या नजरेला काहीतरी काम पाहिजे.”

ते काम त्यांना फारच आवडलं. पहाटे स्कूटरने कापशीच्या तलावावर बगळे पाहायला, कधी नरनाळा किल्ल्याच्या वाटेवर, कधी एसटीने अचलपूरला, तिथून पुढे वच्छलाबाईंच्या संत्र्याच्या बगीच्यात. वच्छलाबाई म्हणजे त्यांच्या बायकोची, आशाबाईंची, धाकटी बहीण. जिथे जातील तिथून शेषराव कार्ड भरून आणत. फोटो काढायला क्षण पुरायचा, आणि त्यानंतर तो महिनोन्‌महिने लॅपटॉपमध्ये पडून राहायचा.

कारण पांढरा काही पांढरा होत नसे.

बगळा घ्या. तो पांढराच असतो, त्यात वाद नाही. पण पडद्यावर तो त्यांना दुधात चहाचा थेंब पडल्यासारखा दिसायचा. शेषराव रंगाची पट्टी निळ्याकडे थोडी सरकवत, मग अजून थोडी. बगळा पांढरा झाला की धुकं पिवळं वाटायचं, धुकं साफ केलं की पाणी. एका फोटोवर दोन-दोन दुपारी जात. आणि सगळ्यात जिवावर येणारी गोष्ट म्हणजे, मागच्या साली दुरुस्त करून ठेवलेला फोटो उघडावा तर तो पुन्हा पिवळाच. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पुढचे फोटो पुढे साचत राहत आणि ते मागेच अडकून पडत.

त्यांना वाटलं कॅमेरा खराब झाला. दुकानदाराने तो उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. “काका, कॅमेऱ्यात काहीच नाही.” मग त्यांनी लॅपटॉपला नवा पडदा जोडून घेतला. महिनाभर बरं वाटलं, नंतर तोही पिवळा पडला.

वच्छलाबाईंचा फोन यायचा. “भाऊजी, माह्या बगीच्याचे फोटो कवा देता? झाडं म्हातारी होऊन राहिली इकडं.”

“देतो ना. रंग जमून नाही राहिला.”

“झाडाले रंग हाय तो हाय. त्याले काय जमवता?”

शेषराव हसून फोन ठेवत. पण एक सांगायला हवं, त्या दुपारी त्यांना जड जात नसत. बाहेर मे महिना भाजत असायचा आणि समोर पौषातला तलाव असायचा. कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास खोलीभर पसरायचा आणि हळूहळू तो धुक्याचाच वास होऊन जायचा. माउसवर हात तसाच ठेवून त्यांचा डोळा लागायचा. पडद्यावरचे बगळे उठायचे, खोलीतून सावकाश एक गिरकी घ्यायचे, कपाटावरून, कॅलेंडरवरून, आणि पुन्हा पाण्यावर उतरायचे. जाग आली की कोणता ऋतू आहे हे क्षणभर कळायचं नाही. आशाबाई चहा घेऊन वर यायच्या आणि दारातूनच विचारायच्या, “कोणत्या महिन्यात हाय सध्या?”

“पौषात.”

“मंग चहा गरमच चालते म्हणा.”

असे चार-पाच उन्हाळे गेले.

त्या वर्षी दिवाळीनंतर आरतीने अमरावतीला घेतलेल्या नव्या फ्लॅटची वास्तू केली. बैठकीच्या भिंतीसाठी तिला बाबांचाच फोटो हवा होता, आणि तिने तारीख दिली होती म्हणून शेषरावांनी एक फोटो पूर्ण केला. वच्छलाबाईंचा बगीचा, थंडीतली सकाळ, फळांनी वाकलेली झाडं. तिने तो मोठा छापून चौकटीत लावला. पाहुणे समोर उभे राहून पाहत होते, कोणी म्हणालं स्वप्नात गेल्यासारखं वाटतं. शेषरावांनाही तो बरा वाटला. संत्री अगदी संत्र्यासारखी आली होती. त्यांना वाटलं, चला, एक तरी जमला.

त्याच संध्याकाळी बिल्डिंगच्या दाराशी त्यांना पायरी दिसली नाही. पडले नाहीत, पण गुडघा चांगला आपटला. आरतीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या एका पायात काळा मोजा होता आणि दुसऱ्यात गडद निळा.

“बाबा, उद्या डोळे दाखवायचे.”

“डोळ्याले काय झालं? चष्मा हाय ना.”

“उद्या जायचं म्हणजे जायचं.”

डॉक्टर तरुण होते. त्यांनी दोन्ही डोळ्यांत औषध टाकून, यंत्रावर हनुवटी टेकवून बराच वेळ पाहिलं. मोतीबिंदू, दोन्हीकडे, चांगला पिकलेला. आधी उजवा करू, मग महिनाभराने डावा. “काका, इतके दिवस तुम्हाला काही जाणवलं नाही?” त्यांनी विचारलं.

“नाही,” शेषराव म्हणाले. ते खरंच होतं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी उजव्या डोळ्यावरची पट्टी निघाली. समोर नर्स उभी होती. शेषरावांना तिचा चेहरा दिसला नाही, फक्त तिचा पांढरा पोशाख दिसला, आणि ते बघतच राहिले. त्यांना वाटलं, असा पांढरा आपण फार वर्षांत पाहिलेला नाही. नर्सने विचारलं, काका, दिसतंय ना? त्यांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तिला वाटलं औषधाचं असेल.

काळा चष्मा लावून ते आशाबाईंबरोबर आरतीच्या घरी आले. बैठकीत सोफ्यावर बसले, चष्मा काढला आणि समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

भिंतीवर एक निळा बगीचा होता. पानं निळी, माती निळी, आणि झाडांना लटकलेली फळं राखी-जांभळी, चांदण्यात पाहिल्यासारखी. आभाळ तर शाईत बुडवून काढल्यासारखं.

“हा फोटो कोणाचा हाय?” त्यांनी विचारलं.

आरती पाण्याचा ग्लास घेऊन येत होती, ती थांबली. “तुमचाच की बाबा. वच्छलामावशीचा बगीचा.”

शेषराव उठले, फोटोजवळ गेले. डावा डोळा झाकला. निळा. मग हात बदलून उजवा झाकला. संत्री पुन्हा केशरी झाली, ऊन पडलं, माती काळी झाली. पुन्हा डावा झाकला, आणि पुन्हा सगळ्यावर चांदणं सांडलं. ते तिथेच उभे राहून किती तरी वेळ डोळे बदलत होते. आरतीला काही कळेना. आशाबाईंना मात्र कळलं असावं, त्या जवळ येऊन उभ्या राहिल्या.

“तुले दिसत होतं काय हे?” त्यांनी आशाबाईंना विचारलं.

“हो.”

“पहिल्यापासून?”

“पहिल्यांदा थोडं होतं. मंग दर साली वाढत गेलं.”

“अन सांगतलं काहून नाही?”

“सांगतलं होतं. एक डाव म्हटलं, अजी, बगळे निळे दिसून राहिले. तुमी म्हणाले, तुले त्यातलं काय समजते.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. “मंग मले वाटलं, तुमाले असेच आवडते. लोकबी छान म्हणत होते. मी काहून बोलावं?”

शेषराव खाली बसले. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पाठवलेले सगळे फोटो त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. निळे बगळे, निळी नदी, शेजारच्या केशवराव देशमुखांच्या नातवाचं निळं बारसं. उभ्या अकोल्यात ज्याला पांढरा कळत होता त्याने हे केलं होतं.

“हा उतरव,” ते आरतीला म्हणाले. “दुसरा देतो, खरा.”

“नाही बाबा.”

“अवं, चुकीचा हाय तो.”

“असू दे. मला चुकीचा वाटत नाही. मी सकाळी चहा घेताना रोज त्याच्याकडे पाहते. मला वाटतं, मावशीच्या बगीच्यात रात्री कोणी नसताना असंच होत असेल.” ती थोडी हसली. “दुसरा द्या, तो आत लावीन.”

त्यांनी पुढे वाद घातला नाही.

अकोल्याला परतल्यावर, डॉक्टरांनी परवानगी देताच, त्यांनी लॅपटॉप उघडला. डावा डोळा झाकून एक जुना फोटो उघडला आणि त्यावर केलेले सगळे बदल काढून टाकले. मूळ फोटो आत तसाच असतो, वरचं कधीही पुसता येतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण मूळ फोटोकडे ते कधी वळलेच नव्हते, कारण तोच त्यांना बिघडलेला वाटायचा. आता बगळा समोर आला तो नुसता पांढरा. धुकं धुक्यासारखं, पाण्यावर गुलाबी उजेडाची बारीक रेघ. काही दुरुस्त करण्यासारखं नव्हतं. दुसरा उघडला, तिसरा उघडला. कॅमेऱ्याने सगळे बरोबर काढले होते.

मग त्यांनी सगळेच फोटो एकदम निवडले आणि सगळ्यांवरचे बदल पुसायला सांगितलं. लॅपटॉप जुना, त्याला वेळ लागला. शेषराव हात मांडीवर ठेवून पाहत बसले. पडद्यावर ओळीने मांडलेल्या छोट्या छोट्या चित्रांतून निळं एकेक करून निघून जात होतं, जसं पहाटे एकेका घराच्या छपरावरून निघून जातं. त्यांच्या सगळ्या दुपारी त्या निळ्यात होत्या. त्यांना वाईट वाटलं आणि मोकळंही वाटलं, आणि यातलं कोणतं जास्त ते त्यांना सांगता आलं नसतं.

ज्यांना ज्यांना फोटो द्यायचे राहिले होते, त्यांना त्यांनी ते पाठवून दिले. वच्छलाबाईंचा आवाज मोबाईलवर आला. “भाऊजी, आले फोटो. त्या कोपऱ्यातलं झाड पाहून बरं वाटलं. ते आता नाही, वाळलं. पण यात भरलेलं हाय.”

आता डाव्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. मधले दिवस विचित्र होते. उजव्या डोळ्याचं जग धुतलेलं, कडक, थंड. मोर्णेकाठच्या झाडांची पानं वेगवेगळी मोजता येतील अशी. डाव्या डोळ्याचं जग मऊ आणि पिवळं, जणू कोणीतरी बाराही महिने घरात कंदील लावून ठेवलाय. शेषराव बाजारात उभे राहून हळूच एक डोळा मिटत, मग दुसरा. कांदे, मेथी, दुकानाच्या पाट्या, सगळं दोनदा पाहत. भाजीवालीला वाटलं, काकांच्या डोळ्यात काही गेलं की काय.

एका दुपारी आशाबाई गच्चीवर उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. शेषराव समोरच्या खुर्चीत होते. त्यांनी डावा डोळा मिटला. आशाबाईंचे केस बरेच पांढरे झाले होते, कपाळावर आणि ओठांच्या कडेला बारीक रेघा होत्या, पातळ फिकट मोतिया रंगाचं होतं, आपण तर ते हळदी समजत होतो. मग त्यांनी उजवा मिटला.

“काय करून राहिले कवापासून?” आशाबाईंनी मान वर न करता विचारलं.

“पायतो.”

“कोणत्या डोळ्यानं बरी दिसतो मी?”

शेषरावांनी विचार केला. “नव्यानं सगळं दिसते.”

“अन जुन्यानं?”

“जुन्यानं संध्याकाळ दिसते.”

आशाबाईंनी हातातली शेंग सोलली, दाणे ताटात टाकले. मग मान वर करून एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

तेव्हा शेषरावांच्या मनात आलं की हा डोळा आता जाणार. वाईट डोळा, धोक्याचा, पायरी न दाखवणारा. पण इतकी वर्षं आपण ज्यातून पाहिलं ते परत कोणाला दाखवता येणार नाही, आपल्यालाही नाही. ते आत जाऊन कॅमेरा घेऊन आले. “तशीच बस,” म्हणाले. आशाबाई तशाच बसून शेंगा सोलत राहिल्या.

उरलेले सगळे दिवस त्यांनी त्या एका फोटोवर घालवले. ते लॅपटॉप घेऊन गच्चीच्या दाराशी बसत. डाव्या डोळ्याने बाहेरचं ऊन, भिंत, दोरीवरचे कपडे, आशाबाईंचं पातळ पाहत. मग तो मिटून उजव्याने पडद्यावर पाहत आणि पट्टी पिवळ्याकडे सरकवत. जुन्या डोळ्याला जे बाहेर दिसतं तेच नव्या डोळ्याला पडद्यावर दिसेपर्यंत. आधी पिवळं, मग त्यात किंचित तपकिरी, मग कडा जराशा विरघळलेल्या, उजेडाभोवती धूसर वलय. हे जमवायला त्यांच्याकडे थोडेच दिवस होते आणि दोन वेगळे डोळे होते. आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतःसाठी एक फोटो वेळेत संपवायला धडपडत होते. अमरावतीला निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी एकदा हा डोळा, एकदा तो डोळा मिटून पाहिलं. फरक राहिला नव्हता. त्यांनी लॅपटॉप बंद केला.

डावा डोळाही ठीक झाला. आरतीकडे थोडे दिवस राहून ते दोघं एसटीने अकोल्याला परतले. घरी आल्यावर शेषराव वरच्या खोलीत गेले आणि तो फोटो उघडला.

ते थोडे मागे सरकले. जुना डोळा सोबत असताना तो इतका पिवळा वाटला नव्हता. त्या खोल, दाट उजेडात एक बाई मान खाली घालून बसली होती. तिच्या कपाळावर रेघ नव्हती, केसांत पांढरं नव्हतं, मांडीवरचं ताट तांब्याचं वाटत होतं. महिन्यापूर्वी हे आपलं रोजचं होतं यावर त्यांचा विश्वास बसेना.

आशाबाई जेवायला बोलवायला वर आल्या आणि त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. “हे काय? चहा सांडला काय याच्यावर?”

“मले असं दिसत होतं.”

“सगळं?”

“सगळंच.”

आशाबाई बाजूच्या स्टुलावर बसल्या. पुष्कळ वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “अन तुमी याच्यात गाडी चालवत होते.”

शेषराव हसायला लागले, त्याही हसल्या. हसू थांबल्यावरही त्या उठल्या नाहीत. फोटोतल्या बाईच्या हातांकडे पाहत होत्या.

“मीबी अशीच दिसत होतो?”

“तूच हाय ना ते.”

“हं,” आशाबाई म्हणाल्या. “चांगली दिसतो.” मग जरा थांबून म्हणाल्या, “हा नका पुसू.”

“नाही पुसत.”

संक्रांतीच्या सुमारास एका पहाटे दोघंही कापशीला गेले. आशाबाई याआधी कधी आल्या नव्हत्या. काठावर शाल गुंडाळून बसल्या आणि पाणी, धुकं, पलीकडून येणारं कोवळं ऊन पाहत राहिल्या. इथं तर बोलावंसंबी वाटत नाही, एवढंच म्हणाल्या. शेषरावांनी थोडे फोटो काढले, थोडा वेळ कॅमेरा मांडीवर ठेवून नुसते बसले. घरी येऊन त्यांनी कार्ड लावलं, फोटो पाहिले, एकदोन आरतीला आणि वच्छलाबाईंना पाठवले. झालं.

जेवणं आटोपली. दुपार अख्खी मोकळी होती. एवढ्या मोकळ्या दुपारी काय करावं हे शेषरावांना सुचेना. त्यांनी खुर्ची गच्चीत ओढली, पाय लांब केले. खालच्या गल्लीतून भंगारवाल्याची हाक लांबत लांबत गेली. गुडघ्यांवर ऊन आलं, आणि त्या उन्हात, हळूहळू, त्यांचा डोळा लागला.